नामवंत

सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवी अंकात
अर्धं पान ठेवलंय,
‘आपल्या वाडीतील नामवंत तांडेल’.
चेअरमन म्हणाले, बाई, तुमचं अक्षर चांगलं,
शिवाय माहेर तुमचं तेच.
शनिवारपर्यंत द्या. फोटो पासपोर्ट साइजचे.

मी मतदारयादी काढून बसले, भाग तेरा,
दर निवडणुकीला हीच घेऊन फिरते दारोदार.
तांडेल, तांडेल, तांडेल,
मधेच एखादा मालंडकर, खवल्यासारखा चिकटलेला,
पुन्हा तांडेल.
तीनशे बारा.

होडीवर तांडेल एकच असतो.
तो सुकाणू धरतो, पाण्याचा रंग बघतो,
बाकीचे खलाशी.
आमच्या वाडीत खलाशी आडनावाचा
एकही माणूस नाही.

पहिलं नाव बापू धाकू तांडेल.
बापू धाकू तसे तीन; मी म्हणतेय तो
कौलं भरून कराचीपर्यंत गेलेला.
गलबत त्याचं नव्हतं.
फोटोतला कोटही त्याचा नव्हे,
स्टुडिओवाल्याचा. बाह्या आखूड पडल्यात.

मग जानू.
याच्या नावाचा खडक आहे देवगडच्या समुद्रात,
जानूची पाठ, भरतीला दिसत नाही.
एवढं नाव वाडीत कुणाचंच झालं नाही,
आणि ते होडी त्याच्यावर आपटून झालं.
हल्ली पोरं जीपीएसवर खूण करून ठेवतात,
जानू एक, जानू दोन,
आणि लांबून जातात.
अंकात काय लिहू,
मार्गदर्शक?

वसंत तांडेल, बी.ए., वाडीतले पहिले.
त्यांनी गॅझेटात छापून आडनाव बदललं.
ऑफिसात म्हणे लोक
फाइल बाजूला ठेवून सुरमईचा भाव विचारायचे.
परवा त्यांची मुलगी आली होती,
जेट्टीवर गॉगल लावून उभी,
सुरमईचा भाव विचारत.

लवू तांडेल दशावतारात संकासुर करायचा,
पोरं त्याला दिवसाही घाबरत.
चेअरमनचे वडील घ्यावेच लागतील.
जेट्टीचं उद्घाटन झालं तेव्हा
नारळ त्यांच्या हातात होता,
मंत्री येईपर्यंत.

इथवर पान भरतं.

पण मला मैनाकाकी लिहायची आहे.
तेव्हा खाडीवर पूल नव्हता. आई अडलेली,
पुरुष सगळे रापणीवर.
काकीने होडी काढली, भर ओहोटीत,
सुकाणू काखेत, कंदील दातांत.
पलीकडे पोचेपर्यंत मी झाले होते.
जन्मदाखल्यावर गावाचं नाव आहे,
खरं तर तिथे नुसतं पाणी होतं.

मोठी झाल्यावर विचारलं तिला,
काळोखात खडक कसे चुकवलेस गो?
म्हणाली, तुझी आवस अशी आराडत होती,
खडकांकडे बघता कोण!

काकी जन्माने तारी, वरच्या बंदरातली.
तांडेल ती लग्नापासून, कागदापुरती.
आता यादीत तिच्या नावावर आडवी रेघ, मयत.
आणि दोन ओळी खाली दुसरी रेघ,
अनुक्रमांक दोनशे सात, स्थलांतरित.
ती माझी. मीच मारली होती,
लग्नानंतरच्या पहिल्या निवडणुकीत, पट्टी लावून, सरळ.
मी आता कुबल, भाग चौदा,
रस्ता ओलांडून.

शनिवारी पान दिलं.
चेअरमननी चष्मा वर केला,
ही मैना कोण?
तांडेल, म्हटलं.
हो, पण केलं काय तिने?
मी म्हटलं तेच पुन्हा.

ते पानावर बोट ठेवून थोडा वेळ बसले.
बाहेर बर्फाची गाडी लागत होती,
पोरं ओरडत होती, मागे घे, मागे घे.
फोटो?
नाही.
मग चौकट रिकामी जाईल, बाई.

जाऊ दे, म्हटलं.
भरतीला जानूची पाठ तरी
कुठे दिसते.